कोकणात उभी राहिलेली फियाट, जाम झालेले बोल्ट आणि गॅस कटरची घाई

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची १९७३ ची फियाट ११०० मालवणजवळ खाडीकाठच्या घरी, पत्र्याच्या शेडमध्ये बरीच वर्षं उभी होती. आता ती पुन्हा चालती करायची आहे. मागचे दोन्ही ब्रेक ड्रम निघत नाहीत, इंजिन जाम आहे, एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (धूर बाहेर नेणाऱ्या ओतीव नळ्यांचा) एक स्टड (मुंडी नसलेला बोल्ट) हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, लागूनच तुटला, आणि गावातला मेकॅनिक म्हणतो, "गॅसने कापून टाकू, नवीन बसवू." कापू द्यायचं का?

नाही. निदान एवढ्यात तरी नाही. मेकॅनिकला दोष देत नाही, त्याला संध्याकाळपर्यंत गाडी बाहेर काढायची सवय आहे. टॅक्सीच्या जमान्यात ते बरोबरही होतं, कारण फियाटचा कुठलाही भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर ढिगाने मिळायचा. कारखानाही कुर्ल्यातच होता. आता उत्पादन थांबून वीस वर्षांहून जास्त काळ लोटला, मुंबईतली शेवटची पद्मिनी (याच फियाटचं पुढचं नाव) टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, आणि भंगारातला माल दरवर्षी विरळ होत चाललाय. शिवाय तुमची गाडी पन्नास वर्षं ओलांडलेली आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून तिची नोंदणी करायची मनात असेल, तर ती मूळ स्वरूपात असावी लागते. तेव्हा जे ओतीव भाग गाडीवर आहेत ते जपायचे.

कुठल्याही गंजलेल्या जोडाला पाना लावण्याआधी मी एकच गोष्ट ठरवतो: या दोघांपैकी कोणाला मरू द्यायचं? जोडात दोन वस्तू असतात. एक बहुतेक वेळा बोल्ट, दहा-वीस रुपयांचा. दुसरी म्हणजे हेड, हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग), स्टिअरिंग आर्म, नाहीतर बॉडीत वेल्ड केलेला नट. गोंधळ होतो तो माणूस बोल्ट वाचवायला जातो म्हणून. खडू घ्या आणि गाडीखाली जाऊन जे गेलं तरी चालेल त्यावर फुली मारा. सायलेन्सरच्या क्लॅम्पचे बोल्ट, शॉकॲब्सॉर्बरचे नट, मडगार्डचे स्क्रू, ब्रेकचे पाइप, या सगळ्यांवर फुली. ते बेलाशक ग्राइंडरने कापा, दिवसभर त्यांच्याशी झुंजत बसू नका. उरलेल्यांसाठी पुढचं सगळं.

आधी पाणी, मग तेल

हे ऐकून लोक दचकतात, पण समुद्राकाठच्या गाडीवर तेल मारायच्या आधी मी ती गोड्या पाण्याने धुतो. खाऱ्या हवेतलं मीठ गंजाच्या थरात बसलेलं असतं आणि ते हवेतली ओल ओढून घेत राहतं. वरून तेल मारलं तरी खाली काम चालूच. तेव्हा प्रेशरने खालून धुवा, उन्हात दोन दिवस कडक वाळवा, मग तारेचा ब्रश.

ब्रशचं काम कंटाळवाणं असतं, म्हणून सगळे टाळतात, आणि बोल्ट तुटतात ते इथेच. नटाच्या बाहेर स्टडचं जे टोक डोकावतं, त्यावरचे आटे साफ करा. अगदी चकचकीत होईपर्यंत. कारण नट सुटला तरी त्याला बाहेर यायचंय ते याच आट्यांवरून, आणि तिथे गंज भरलेला असेल तर तो मध्येच पुन्हा आवळतो. शक्य असेल तिथे टोकावर आधी डाय (बोल्टचे आटे साफ करायची कडी; भोकातल्या आट्यांसाठी असतो तो टॅप) फिरवा. या गाडीचे आटे मेट्रिक आहेत, तेव्हा डाय-टॅप सहज मिळतील. शेजारच्याची ॲम्बेसेडर असती तर इंची मापं शोधत फिरावं लागलं असतं.

गंजाची जागा मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त असते. आट्यांमधली जी केसाएवढी फट तेलाला आत जायला लागते, तीच गंज भरून टाकतो. म्हणून पातळ तेल, थोडं थोडं, आणि पुष्कळ वेळ. डब्ल्यूडी-४० प्रत्येकाच्या फडताळात असतं, पण ते मुळात ओल हटवण्यासाठी बनलेलं आहे, जुन्या गंजापुढे ते तोकडं पडतं. दुकानात खास गंज सोडवायचे स्प्रे मिळतात, ते बरे. माझ्या गॅरेजमध्ये एटीएफ म्हणजे पॉवर स्टिअरिंगमध्ये घालतात ते लाल तेल, आणि रंगाच्या दुकानातला ॲसिटोन, निम्मेनिम्मे. हे दोन्ही नीट मिसळत नाहीत, ठेवलं की वेगळे होतात, त्यामुळे दर वेळी डबी हलवून वापरायचं. ॲसिटोन रंग खातो आणि भडकन पेटतो, हे ध्यानात असू द्या. ते नको असेल तर डिझेलमध्ये थोडं इंजिन ऑइलही चालतं, फक्त जास्त दिवस द्यावे लागतात.

तेल मारलं की लगेच पाना लावायचा नाही. सकाळ-संध्याकाळ दोन-चार थेंब, आणि प्रत्येक वेळी बोल्टच्या मुंडीवर हातोडीचे आठ-दहा हलके ठोके. जोरात नाही, टक-टक. त्या कंपनाने गंजाला बारीक तडे जातात आणि तेल आत सरकतं. चार दिवस हे केलंत तर निम्मे बोल्ट गॅसशिवाय सुटतील. तोवर आत बसून गालिचे काढा, वायरिंगचे फोटो घ्या, कामं पुष्कळ आहेत.

हाताला काय कळतं

पाना सहा कोनी हवा. बारा कोनी सॉकेट आणि फिक्स पाने या कामात बाजूला ठेवा, गंजून बारीक झालेल्या नटाचे कोपरे ते गोल करतात. सॉकेट आधी हातोडीने ठोकून नटावर पूर्ण बसवा. गंज साफ केल्यावर १४ चा नट १३ च्या सॉकेटमध्ये ठोकून बसत असेल, तर १३ च वापरा.

मग आधी कसायचं. हो, कसायचं, सोडायचं नाही. अगदी इवलंसं. गंजाचा पापुद्रा मोडायला दिशा कुठलीही चालते, आणि कसायच्या बाजूचे आटे आतून थोडे बरे असतात. कचकन आवाज आला की उलट. पुन्हा सुलट. असं हलवत हलवत.

आता जोर किती? आठ मिलिमीटरचा, ८.८ दर्जाचा बोल्ट साधारण २५ न्यूटन-मीटरला कसतात, आणि त्याच्या दीडपटीच्या आसपास तो मान टाकतो. फूटभर पान्यावर पंधरा किलोचा जोर दिलात की ४५ न्यूटन-मीटर झालेच. म्हणजे आठच्या बोल्टवर पान्याला पाइप लावणं हा विचारच नको, नुसता हातही त्याला जड आहे. पाइप लावायचा तो चौदा-सोळाच्या वर, सस्पेन्शनच्या किंवा ॲक्सलच्या नटावर.

सुटणारा बोल्ट आणि तुटणारा बोल्ट यांत फरक असतो, आणि तो हाताला कळतो. सुटणारा बोल्ट आधी दगडासारखा असतो, मग एकदम "टक्" आवाज होतो, आणि पुढचं पाव वळण चिरकत, कुरकुरत येतं. तुटणारा बोल्ट आवाज करत नाही. तो गुपचूप, गुळगुळीत फिरायला लागतो, आणि वाटतं की सुटला. जोर वाढवला तरी प्रतिकार वाढत नाही, हाताला काहीसा चिवट लागतो. तिथल्या तिथे थांबा, तो आतून पिळला जातोय. खात्री करायची असेल तर स्टडच्या टोकावर आणि नटावर पांढऱ्या मार्करने एक सरळ रेघ ओढा. नट फिरला आणि टोक जागेवर राहिलं, तर उत्तम. दोन्ही एकत्र फिरले आणि स्टड जराही वर येत नाही, तर तो पिळतोय. उष्णतेकडे वळा.

आणखी एक. सुटलेला नट पाच-सहा वळणं बाहेर आला आणि पुन्हा जड व्हायला लागला, तर आनंदाच्या भरात तसाच ओढू नका. गंजाची पूड आट्यांत दाबली जातेय. दोन वळणं आत, तेल, तीन वळणं बाहेर. माझ्याकडे नवीन आलेली पोरं जे बोल्ट तोडतात त्यातले बरेचसे असे सुटल्यानंतर तुटतात.

उष्णता

गॅस कटर आणि गॅसची उष्णता या वेगळ्या गोष्टी आहेत. मेकॅनिककडे टॉर्च असेल तर त्याला बोलवा, पण कटिंग नोझल काढून ठेवायला सांगा.

नट स्टडवर असेल तर नट तापवा, स्टड नाही. दहाचा नट ३०० अंशांनी तापला की त्याचं भोक जेमतेम साडेतीन शतांश मिलिमीटरने मोठं होतं. ऐकायला काहीच नाही, पण दोन लोखंडांमधला गंज ठिसूळ असतो, त्याला एवढी हालचाल पुरते. लालभडक करायची गरज बहुतेक वेळा नसते. ज्योत नटाच्या एका बाजूवर धरायची, पटकन तापवायचं, म्हणजे स्टड थंड असतानाच नट फुगतो. संथ आचेवर दोन्ही सारखेच तापतात आणि फायदा निघून जातो.

बोल्ट आंधळ्या, म्हणजे आरपार नसलेल्या, भोकात शिरलेला असेल तर भोवतालचा ओतीव भाग तापवा. तेही जमत नसेल तर उलटं: बोल्टच्या मुंडीलाच मंद लाल करा आणि पूर्ण गार होऊ द्या. लाल असताना तो आडवा फुगू पाहतो, जागा नसते म्हणून दबतो, आणि गार झाल्यावर किंचित बारीक होतो. धीर धरून गार होऊ दिलं तरच हे लागू पडतं.

गरम असताना मेणबत्ती लावायची ही युक्ती नक्की करून बघा. ज्योत बाजूला केल्यावर, लाली गेल्यावर, देवघरातली साधी पांढरी मेणबत्ती नटाच्या कडेला टेकवा. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं, डोळ्यांनी दिसतं. दोन-तीनदा करा, मग पाना. गरम नटावर स्प्रे मारण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित, कारण स्प्रेचा भडका थेट तोंडावर येतो.

धोक्याचं एका दमात सांगतो. बॅटरी काढा. पेट्रोलची टाकी रिकामी असली तरी तिच्याजवळ ज्योत नको, रिकाम्या टाकीतली वाफच स्फोटक असते. टाकी उतरवून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. बॉडीखाली डांबरी अंडरकोट आहे, तो पेटतो आणि थेंब थेंब पेटता गळतो, म्हणून आधी तेवढी जागा खरवडून घ्या आणि पाण्याची बादली हाताशी ठेवा. शॉकॲब्सॉर्बरच्या नळकांड्याला कधीही ज्योत लावू नका. कॉइल स्प्रिंग आणि पाट्यांना पण नाही, त्यांचं पाणी उतरतं. आणि ज्या जागेवर ब्रेक क्लीनर मारला आहे तिथे ज्योत किंवा वेल्डिंग अजिबात नको. त्यातले काही क्लोरीनवाले असतात आणि उष्णतेने त्यांचा फॉस्जीन होतो, तो विषारी वायू आहे. ज्या बोल्टवर अशी आच दिली तो पुन्हा वापरायचा नाही, नवीन लावायचा. सस्पेन्शनचा असेल तर मुंडीवरचा दर्जाचा आकडा, ८.८ की १०.९, बघून तेवढ्याच तोडीचा.

हल्ली हातात धरायचे इंडक्शन हीटर मिळतात, तारेच्या कडीत नट धरला की अर्ध्या मिनिटात तो लाल. ज्योत नाही, त्यामुळे रबर बुशच्या शेजारी सोन्यासारखं काम करतो. एका गाडीसाठी घ्या असं म्हणणार नाही, पण कोणाचा मिळाला तर सोडू नका.

मागचे ड्रम

इथे बहुधा बोल्ट दोषी नाहीत. ड्रम तीन कारणांनी अडतो. एक, मधल्या भोकाशी हबला गंजून चिकटलेला. दोन, ब्रेक शूवरची (ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानीवरची) लायनिंग ड्रमला चिकटलेली. तीन, वर्षानुवर्षं झिजून ड्रमच्या आत कडेला पायरी झालेली आणि शू त्या पायरीत अडकलेले. तिसऱ्या प्रकारात कितीही तेल घाला, उपयोग शून्य. म्हणून पहिलं काम म्हणजे हँडब्रेक सोडा, त्याची केबल ढिली करा, आणि बॅकप्लेटच्या (ड्रममागच्या स्थिर तबकडीच्या) मागून शूचा ॲडजस्टर मागे घ्या. ॲडजस्टर स्वतःच जाम असणार, त्याला आदल्या दिवसापासून तेल पाजा.

ड्रम धरून ठेवणारे छोटे स्क्रू असतील तर त्यांना हातातला साधा स्क्रू-ड्रायव्हर नको, त्याने खाच जाते. हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर येतो, ठोका बसला की तो स्वतः थोडा फिरतो. पाचशे-हजारात मिळतो, आणि दरवाज्यांच्या बिजागऱ्यांनाही तोच लागणार आहे.

मग हबच्या भोवती तेल, आणि स्टडच्या मधल्या सपाट भागावर दोन-अडीच पौंडी हातोड्याने ठोके. मध्ये लाकडाचा तुकडा धरा. कडेवर मारायचं नाही. ड्रम बिडाचा असतो, कड तुटली की ड्रम गेला. ठोकत ठोकत ड्रम फिरवत राहा. ड्रममध्ये आटे असलेली दोन भोकं दिसली तर नशीब समजा, त्यात बोल्ट घालून आळीपाळीने पाव-पाव वळण कसलं की ड्रम स्वतः बाहेर ढकलला जातो. नाहीतर तीन पायांचा पुलर लावा, ताण द्या आणि पुलरच्या मधल्या बोल्टच्या डोक्यावर एक ठोका. ताण आणि ठोका, दोन्ही एकत्र. नुसत्या ताणाने ड्रम वाकडा होतो.

उघडल्यावर आतली धूळ फुंकू नका, हवेने उडवू नका. त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका. आतल्या व्हील सिलिंडरच्या ब्लीड निपलवर (हवा काढायच्या तोटीवर) जीव टाकू नका, तो पोकळ असतो, नव्वद टक्के तुटणारच. सिलिंडर नवीन मिळत असेल तर पाइपसकट कापून काढा. ब्रेकचे जुने पाइप तर सोडवायचेच नाहीत. बाहेरून सुटले तरी आतून काय झालंय ते दिसत नाही.

पुढच्या बाजूला टाय रॉडचे एंड आणि बॉल जॉइंट निसटत नसतील तर खालून नटावर ठोकू नका, आटे चेपतात. ज्या आर्मच्या भोकात त्याची निमुळती दांडी बसली आहे, त्या आर्मला बाजूने मारायचं, विरुद्ध बाजूला दुसरा जड हातोडा टेकवून. दोन-तीन ठसठशीत ठोक्यांत टप्पकन सुटतो. टाय रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात, आधी बघून घ्या. उलट्या आट्याला "जाम आहे" म्हणत कसत बसलेले पुष्कळ पाहिलेत.

तुटलेला स्टड

फियाटचं ब्लॉक बिडाचं आणि हेड ॲल्युमिनियमचं. म्हणून इथे गंजाचा स्वभाव वेगळा. लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागून, मध्ये खारट ओल, म्हणजे छोटी बॅटरीच. त्यात ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी कडक पूड स्टडभोवती गच्च बसते. तेल इथे फारसं चालत नाही. चालते ती उष्णता, कारण त्याच तापमानाला ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. मात्र ॲल्युमिनियम तापल्यावर रंग बदलत नाही, लाल होत नाही, ६६० अंशांना थेट पाणी होतं. त्यामुळे हेडवर ऑक्सिजनची ज्योत नको. हॉट एअर गनने स्टडभोवती सावकाश तापवा आणि बोटाने पाण्याचा थेंब टाकून बघत राहा. थेंब चुर्र होऊन लगेच उडाला की पुरे, त्यापुढे नाही.

तुमचा स्टड हेडला लागून तुटला आहे, म्हणजे धरायला काही नाही. अशा वेळी लोक पहिल्यांदा बाजारातून ईझी-आउट आणतात. माझं ऐका, नका आणू. तुटलेल्या स्टडमध्ये भोक पाडून तो उलट्या आट्यांचा खिळा घालायचा आणि फिरवायचा, अशी ती कल्पना. पण जो स्टड पूर्ण जाडीनिशी हलला नाही तो त्यातल्या बारीक खिळ्याने काय हलणार? खिळा आत तुटतो, आणि तो इतका कडक असतो की ड्रिलला दाद देत नाही. मग आधीची अडचण बरी वाटायला लागते.

बरा मार्ग म्हणजे नट वेल्ड करणं. चांगला वेल्डर बघा. तुटलेल्या तोंडावर आधी वेल्डचा एक ठिपका, त्यावर दुसरा, असं करत स्टड थोडा वर आणायचा. आर्कने लोखंडाचा वेल्ड ॲल्युमिनियमला धरत नाही, हा आपला फायदा. मग स्टडपेक्षा एक माप मोठा नट त्यावर ठेवून आतून भरायचा. वेल्डच्या उष्णतेने स्टडही आतून सैल होतो, एका दगडात दोन पक्षी. लाली जाऊ द्या, मेण लावा, आणि नट आधी कसायच्या दिशेला, मग उलट. पहिला वेल्ड तुटला तर निराश होऊ नका, चार-पाच वेळा करावा लागणं नेहमीचं आहे.

तेही नाही जमलं तर ड्रिल, आणि तेव्हा हेड उतरवून टर्नरकडेच (लेथ-मशीनवाल्याकडेच) न्या. हातातल्या ड्रिलने ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये मध्य साधत नाही, टोक सरकून मऊ ॲल्युमिनियममध्ये शिरतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्या-मुंबईत मिलिंग मशीनवर हे काम तासाभराचं आहे. आठच्या बोल्टचे आटे वाचवायचे असतील तर भोक ६.८ च्या पुढे जाऊ द्यायचं नाही. भोवतीचा गंज आणि स्टडचं उरलेलं सालपट टॅपने निघतं. आटे गेलेच तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून घ्या, ॲल्युमिनियममध्ये ते मूळ आट्यांपेक्षा टिकाऊ असतं.

आत टॅप किंवा ईझी-आउट आधीच तुटून बसला असेल तर एक जुना उपाय: तुरटी. दाढीवाली, वाण्याकडची. हेड पूर्ण मोकळं करून तुरटीच्या कडक गरम द्रावणात बुडवून ठेवलं की लोखंड बुडबुडे काढत हळूहळू विरघळतं आणि ॲल्युमिनियमला विशेष काही होत नाही. दिवस लागतात, पाणी गरम ठेवावं लागतं, पण होतं. फक्त कार्बुरेटर त्यात टाकू नका, जस्ताच्या ओतकामाला ते खातं. हेडमधले लोखंडी व्हॉल्व्ह-सीट वगैरे आधी झाकावे लागतील, म्हणून मी हेडच्या बाबतीत फक्त त्या भोकाभोवती मेणाची वाटी करून त्यात द्रावण घालतो.

उरलेल्या स्टडच्या नटांवर आता पान्याने जोर करू नका. एक तुटला म्हणजे बाकीचेही त्याच अवस्थेत आहेत. नट फिरत नसेल तर नटालाच बारीक ग्राइंडरने एका बाजूने चीर द्या, स्टडला न लागता, आणि छिन्नीने फाकवा. नट मेला, स्टड वाचला.

इंजिन

स्टार्टर मारू नका, गिअरमध्ये टाकून ओढू नका. हे आधी सगळ्यांना सांगून ठेवा, कारण घरातलं कोणीतरी "एकदा ढकलून बघू" म्हणणारच.

चारही प्लग काढा. तेही ॲल्युमिनियममध्येच आहेत, तेव्हा वरचीच काळजी. मोबाइलला जोडायचा स्वस्त कॅमेरा प्लगच्या भोकातून आत सोडा. गंजाचा नुसता तांबूस थर दिसला तर आशा आहे. पाणी साचून खड्डे पडलेले दिसले तर थेट हेड खोला. आशा असेल तर रॉकर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या छोट्या दांड्या) ढिले करा, कारण व्हॉल्व्हही गाइडमध्ये अडकलेले असतात आणि इंजिन फिरवल्यावर पुशरॉड वाकतात. मग चारही सिलिंडरमध्ये ते एटीएफ-ॲसिटोन थोडं थोडं ओता आणि आठवडाभर विसरा. रोज पातळी बघा. ज्यातलं तेल झिरपून खाली जातंय तो सिलिंडर बहुधा मोकळा, ज्यातलं तसंच राहतंय तो बहुधा जाम. संपलं की पुन्हा भरा.

मग पुलीच्या नटावर लांब पाना लावून कसायच्या दिशेने हळू ताण. दोन-तीन अंश हलला तरी जिंकलात. तिथे थांबा, उलट घ्या, तेल घाला, दुसऱ्या दिवशी पुन्हा. एकदम पूर्ण फेरी मारायच्या मोहात पिस्टनच्या रिंगा मोडतात. महिनाभरात काहीच हललं नाही तर हेड काढा. हेड स्टडवर अडकलं असेल तर फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका, त्या चरा कायमच्या. हेड निघाल्यावर पिस्टनवर बाभळीचा ठोकळा ठेवून ठोकायचं ते पिस्टनच्या कडेजवळ, मध्यभागी नाही. इंजिन सुटलं की चालू करण्याआधी चेंबरमधलं (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीतलं) तेल काढून टाका. इतके दिवस ओतलेलं ॲसिटोन खाली तिथेच जमलेलं असतं.

सुटलेले भाग

कंस, पट्ट्या, बिजागऱ्या, पेडल असं सुटं लोखंड ग्राइंडरने घासण्यापेक्षा टबात टाका. दहा लिटर पाण्यात दोन-तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा, भंगारातली लोखंडी सळई बॅटरी चार्जरच्या प्लसला, तुमचा भाग मायनसला. रात्रभरात गंज मऊ होऊन सुटतो आणि खालचं चांगलं लोखंड जसंच्या तसं राहतं. प्लस-मायनस उलटं झालं तर भागच खाल्ला जाईल. सळईच्या जागी स्टेनलेस स्टील नको, पाण्यात क्रोमियमचं विष उतरतं. टबातून हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावर करा आणि विडी-काडी लांब. ॲल्युमिनियम यात टाकायचं नाही, आणि स्प्रिंग किंवा कडक बोल्टही नाही, ते ठिसूळ होतात. आमच्याकडे ऊसपट्ट्यात काही जण मळीच्या पातळ पाण्यात भाग आठवडे भिजवतात. उत्तम काम होतं, पण त्या वासाने घरचे तुम्हालाच बाहेर काढतील.

जोडताना प्रत्येक आट्याला तांब्याचं ग्रीस लावा, लायनिंगच्या आसपास मात्र नाही. ग्रीस लावलेल्या बोल्टला पुस्तकातला कोरड्या आट्यांचा टॉर्क (कसायचा जोर) पूर्ण देऊ नका, थोडा कमी ठेवा, नाहीतर तोच बोल्ट कसताना तुटेल.

कामाचा क्रम मी असा ठेवीन: धुणं आणि तेल आजच सुरू करा, पहिल्यांदा ड्रम मोकळे करा म्हणजे चाकं फिरतील आणि गाडी ढकलून ट्रकवर चढवता येईल. हेड आणि स्टडचं काम मालवणात करू नका, हेड मशीनवाल्याकडे जाऊ द्या. आणि हे जूनच्या आधी आटपा. धुऊन, घासून उघडं केलेलं लोखंड पावसाळ्यात त्या शेडमध्ये राहिलं तर चार दिवसांत पुन्हा तांबडं होईल.